रिकामी ओळ

नाशिकरोडला मुद्रणालयाचा भोंगा झाला
की अजूनही माझा हात चष्म्याकडे जातो.
एकतीस वर्षं कोषागारात गेली,
देयकांवर लाल शाईनं ‘आक्षेप’ लिहिण्यात.
निवृत्त झाले तेव्हा कुणीसं विचारलं,
जाल का दोन वर्षं? एका देशात युद्ध संपलंय,
त्यांना जमाखर्च शिकवायचाय.

गेले.
खजिना म्हणजे एक खोली.
दाराला गोळ्यांची भोकं, आत नोटांची सात पोती,
किर्द नाही, खतावणी नाही.
मंत्री चिठ्ठी पाठवायचा, पोतं हलकं व्हायचं,
चिठ्ठी खिळ्याला टोचली जायची.
तो खिळा म्हणजे त्या राष्ट्राचा अर्थसंकल्प.

तोमास तिथला कारकून.
सगळं गाव पेटलं तेव्हा त्यानं महसुलाची वही
मेणकापडात गुंडाळून खुराड्याखाली पुरली होती.
अरे, माणसं सोनं पुरतात, म्हटलं.
तो म्हणाला,
बाई, कुणाचं आहे ते सोनं सांगत नाही.

त्याला मी शिकवलं :
खाडाखोड करायची नाही, चुकलं तर रेघ मारून सही.
आणि रिकामी ओळ कधी सोडायची नाही,
तिरकी रेघ ओढून बंद करायची,
नाहीतर रात्रीतून तिथं कुणीही काहीही लिहील.

बँकेत बावीस खाती, प्रत्येक सेनापतीचं वेगळं.
मी फळ्यावर गोदावरी काढली :
रामकुंड, सीताकुंड, लक्ष्मणकुंड,
नावं निरनिराळी, पाणी एकच. तसं एकच खातं करा.
तोमासनं चित्र बराच वेळ पाहिलं.
वर धरण आहे का?
आहे, गंगापूरला.
त्याची चावी कुणाकडे?
त्या दिवसाचा वर्ग तिथंच संपला.

मग हजेरीपट काढला.
कागदावर अकरा हजार शिपाई,
मैदानात रांगेनं उभे केले तर चार हजार आठशे.
बाकीचे पगार घेत होते, रेशन उचलत होते,
फक्त नव्हते.
मी एकेका नावापुढं लिहिलं : मयत, वगळावे.
त्या महिन्यात शाळामास्तरांना
सहा वर्षांत पहिल्यांदा एक तारखेला पगार मिळाला.
एक मास्तर कार्यालयात पपई ठेवून गेला.
मी ती परत पाठवली. नियम.

पपई गेली आणि मारियाना आली.
हातात नवऱ्याचं कार्ड, क्रमांक ३१०७,
नावावर पाणी पडून शाई फुटलेली.
सेनापतीनं त्याचं नाव मुद्दाम ठेवलं होतं.
अर्धा पगार सेनापतीला, अर्धा हिला.
चोरीच होती. तीच हिच्या घरची चूल होती.
ती रडली नाही. विचारलं,
तुमच्या नव्या वहीत आमचा रकाना कोणता?
मी पानं उलटली.
विधवा-वेतन : निरंक.

रकाना आखायला मला एक दुपार लागली.
त्यात पहिला आकडा पडायला चौदा महिने.
तोवर ती सरहद्दीपलीकडं गेली होती,
कुठल्या छावणीत, ते तोमासलाही कळलं नाही.

परवा चुलतभावाच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेले.
क्षेमकल्याणी गुरुजींनी लाल फडकं सोडलं,
लांब वही मांडीवर घेतली,
माझ्या आजेसासऱ्यांची मोडीतली सही दाखवली.
दीडशे वर्षांत कुणी लेखापरीक्षण केलेलं नाही,
आणि एक नाव हललेलं नाही.
आमची नोंद झाली. टाक हातात धरून ते थांबले,
अजून कुणाचं?

आहे एक, म्हटलं.
नाव? ठाऊक नाही. म्हणजे होतं, मीच वगळलं.
गाव? जळालं.
गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं,
मग वहीकडं, मग कुंडातल्या हिरव्या पाण्याकडं.
बरं, ओळ सोडतो, म्हणाले, कळलं की सांगा.

पर्समध्ये लाल पेन होतं.
सोडलेली ओळ माझ्यासमोर होती, वीतभर लांब,
शाई वाळेपर्यंत गुरुजींनी वही उघडीच ठेवली.
पेन काढलं नाही.